साठीनंतरचं धाराशिव : पेन्शन कुणाला, औषध कुठून?

२००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला आणि उस्मानाबाद हे नाव जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांच्या तोंडी झालं. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांना त्या अभ्यासात घेतलं होतं. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून हे काम केलं. आयुष्यात एकदाच केलेल्या, एचपीव्ही हा विषाणू शोधणाऱ्या चाचणीनंही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणता येतात, हे या जिल्ह्यानं आकड्यांनिशी दाखवून दिलं. चाचणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. ज्या गटाला तपासणीविना ठेवलं त्याच्यावर अन्याय झाला, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्तच होती.

त्या बायका आज कुठे आहेत? सगळ्यात लहान होत्या त्यांनी पन्नाशी ओलांडली, मोठ्या होत्या त्या ऐंशीच्या पुढे गेल्या. बहुतेकींचा जन्म रानात राबण्यात गेला. ज्वारीची काढणी, सोयाबीनची खुरपणी, दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारी. कागदोपत्री त्यांनी नोकरी कधी केली नाही, म्हणून त्यांना निवृत्तीची तारीखही नाही, उपदान नाही, पेन्शनीचा आदेश नाही. पोरं पुण्याला कंपनीत, नाहीतर ऊसतोडीला. घरात म्हातारा-म्हातारी आणि एखादं शेरडू.

निवृत्तांसाठी सरकारनं काय करावं, ही चर्चा आपल्याकडे बहुधा सरकारी नोकरांच्या जुन्या पेन्शनपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती या बायकांपासून सुरू करावी. कारण म्हातारपणाच्या धोरणाची परीक्षा तिथेच होते.

त्यांना मिळू शकणारा मुख्य आधार म्हणजे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय ६५ पूर्ण हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, किंवा नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत. जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. आता हा २१ हजारांचा आकडा नीट पाहावा. महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकानं ६८ दिवस हमीचं काम केलं, तर २१ हजारांची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे ज्या सरकारनं एका कायद्यानं शंभर दिवस कामाची हमी दिली, तेच सरकार दुसऱ्या योजनेत म्हणतं की शंभर दिवस काम केलेलं घर गरीब नाही.

या अटीत प्रामाणिकपणे बसणारं कुटुंब सापडणं कठीण. तरी गावागावांत लाभार्थी आहेत, कारण उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ घेतला जातो. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक असतं. ज्याची ओळख आहे, ज्याला एजंट परवडतो, त्याचं काम होतं. जी म्हातारी खरं उत्पन्न सांगते ती घरी जाते. अट कडक ठेवली की गरजूंनाच मदत पोचते, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात कडक अट दलाल पोसते.

त्यातून जुलै २०२४ नंतर एक वेगळाच पेच उभा राहिला आहे आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वयाच्या बाईला महिना १,५०० रुपये मिळतात आणि तिथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे अडीच लाख. परंडा तालुक्यातली एखादी बाई चौसष्टाव्या वर्षी या योजनेत बसते. तिला पासष्ट पूर्ण झाली की पैसे बंद. मग तिनं श्रावणबाळसाठी नव्यानं अर्ज करायचा आणि कुटुंबाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचं सिद्ध करायचं. रक्कम तीच, सरकार तेच, बाई तीच; फक्त ती म्हातारी झाली. तरुणपणी अडीच लाखांच्या आत असणं पुरेसं होतं आणि हातपाय थकल्यावर बारापट गरीब असल्याचं दाखवावं लागतं.

ही गाठ सोडवायला नवा कायदा लागत नाही. तिचा आधार क्रमांक, बँकेचं खातं, जन्मतारीख सगळं सरकारदरबारी आधीच नोंदलेलं आहे. दोन्ही योजनांची उत्पन्नमर्यादा एक करावी आणि पासष्टाव्या वाढदिवसाला नाव आपोआप एका यादीतून दुसरीत जावं, एवढंच करायचं आहे. तिला तहसीलच्या पायऱ्या चढायला लावू नयेत. प्राधान्यक्रम लावायचाच झाला, तर पहिलं काम हे.

दुसरी गोष्ट महागाईची. श्रावणबाळच्या १,५०० रुपयांत केंद्राचा वाटा येतो तो इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून. ऐंशीच्या आतल्या माणसामागे केंद्र महिन्याला २०० रुपये देतं. २००७ सालीही ते २०० होते, आजही २०० आहेत. मधल्या काळात तेल, डाळ, गॅस आणि गोळ्या कुठल्या कुठे गेल्या. राज्यं आपल्या खिशातून भर घालतात म्हणून योजना उभी आहे. पण ती भरसुद्धा निवडणुकीच्या किंवा अधिवेशनाच्या मुहूर्तावर वाढते, हक्कानं नाही.

हक्कानं वाढवता येते, याचं उदाहरण राजस्थाननं घालून दिलं. २०२३ साली तिथल्या विधानसभेनं किमान उत्पन्न हमीचा कायदा केला आणि वृद्धांच्या पेन्शनीत दरवर्षी १५ टक्के वाढ कायद्यातच लिहिली. नेपाळसारख्या आपल्याहून गरीब देशानं तर १९९० च्या दशकातच पंच्याहत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना महिना शंभर नेपाळी रुपये द्यायला सुरुवात केली, उत्पन्नाचा दाखला न मागता. आज तिथे वयाची अट ६८ वर खाली आली आहे आणि रक्कम चार हजार नेपाळी रुपयांवर, म्हणजे आपल्या अडीच हजारांवर गेली आहे. वय झालं की पैसे मिळतात, ही साधी गोष्ट तिथे रुजली.

आता ज्यांनी नोकरी केली, पगारातून दरमहा कापून घेतलं आणि तरीही जे फसले त्यांच्याकडे वळू.

धाराशिवकडून लातूरच्या बाजूला जाताना ढोकी लागतं. इथला तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना एके काळी पंचक्रोशीची चूल पेटवायचा. नंतर तो अनेक वर्षं बंद होता. साखर कारखान्यांचे कामगार, एसटीचे चालक-वाहक, सहकारी बँकांचे आणि सूतगिरण्यांचे कर्मचारी या सगळ्यांची पेन्शन एकाच योजनेतून येते. १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. पेन्शनर मंडळी तिला नुसतं ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात.

तिचं गणित एकदा जवळून पाहिलं की या माणसांचा संताप समजतो. मालकाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या वाट्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण पगार कितीही असला तरी ते ठरावीक मर्यादेवरच मोजले जातात. ही मर्यादा ऑगस्ट २०१४ पर्यंत ६,५०० होती, त्यानंतर १५ हजार झाली. पेन्शन काढायची तर हा पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. समजा एक वाहक १९९५ च्या अखेरीला योजनेत आला आणि २०२० मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. पहिली जवळजवळ १९ वर्षं ६,५०० वर मोजली जातात, उरलेली साडेपाच-सहा १५ हजारांवर. वीस वर्षांवरच्या नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षांची सूट धरली तरी उत्तर येतं तीन ते साडेतीन हजार रुपये. चोवीस वर्षं तुळजापूरच्या यात्रेतल्या खचाखच भरलेल्या गाडीत तिकिटं फाडलेल्या माणसाची ही महिन्याची कमाई. आणि ही रक्कम त्याच्या मरणापर्यंत तेवढीच राहणार, कारण या योजनेत महागाई भत्ता नाही.

किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. तेव्हाच्या हजारात जे यायचं त्यातलं आज जेमतेम सहाशे रुपयांएवढं येतं. त्याच केंद्र सरकारच्या स्वतःच्या निवृत्तांना सातव्या वेतन आयोगानंतर किमान ९,००० आणि त्यावर महागाई भत्ता आहे. एकाला बाजारभावाबरोबर वाढणारी पेन्शन आणि दुसऱ्याला गोठलेली. दोघांच्या घरी किराणा मात्र एकाच दुकानातून येतो.

या प्रश्नावरचं सगळ्यात चिवट आंदोलन महाराष्ट्रातच उभं राहिलं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या ईपीएस ९५ राष्ट्रीय संघर्ष समितीनं डिसेंबर २०१८ मध्ये बुलढाण्यात साखळी उपोषण सुरू केलं. सत्तरी-पंच्याहत्तरीची माणसं आळीपाळीनं मंडपात बसत राहिली. मागणी साडेसात हजार रुपये, वर महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार. देशात या योजनेचे ७८ लाखांहून जास्त पेन्शनर आहेत. भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या समितीनं २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. ती आजवर अमलात आलेली नाही. केंद्र या योजनेत पगाराच्या १.१६ टक्के टाकतं, तेही त्याच मर्यादेवर. साडेसात हजारांचा बोजा एकदम पेलणार नाही, हे समजू शकतं. पण आहे ती रक्कम महागाईला बांधण्याची सुरुवातही होऊ नये, याला कारण सापडत नाही.

बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगाराचं दुखणं आणखी खोल असतं. त्याच्या पगारातून कापलेला निधी मालकानं भरलेलाच नसेल, तर? इथे मात्र कायदा त्याच्या बाजूनं आहे. भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम ११ नुसार ही थकबाकी इतर सगळ्या कर्जांच्या आधी फेडायची असते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. तो वादही सहकारी साखर कारखान्यांचाच होता. बँकेकडे गहाण असलेल्या साखरेवरसुद्धा कामगारांच्या निधीचा हक्क आधी लागतो, असा निकाल आला. निकाल चांगला; पण कारखाना भाड्यानं जाताना किंवा लिलावात निघताना पहिला धनादेश कामगाराच्या खात्यात पडला की नाही, हे पाहायला जिल्ह्यात कुणीतरी नेमलेलं पाहिजे. निवृत्त फिटरनं ते कोर्टात जाऊन पाहायचं का?

सरकारी कर्मचाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा जास्त गाजला, कारण त्यांच्यामागे संघटना आहेत. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना १९८२ च्या नियमांची जुनी पेन्शन नाही, अंशदानाची योजना आहे. १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यभर संप झाला, शाळा आणि कचेऱ्या ओस पडल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेला मान्यता दिली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि त्यावर महागाईची वाढ, हे तिचं सूत्र. म्हणजे बाजारावर सोडलेली पेन्शन पुन्हा महागाईला बांधावी लागली. कर्मचाऱ्यांची मागणी न्याय्यच होती. पण जे सूत्र शिक्षकासाठी मान्य झालं ते वाहकासाठी आणि शेतमजूर बाईसाठी अमान्य का, हे विचारायला या दोघांकडे संपाचं हत्यार नाही.

अंगणवाडी सेविकांचं उदाहरण या दोन्हींच्या मधलं आहे. सरकारचं काम करायचं आणि मानधनावर राहायचं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या खटल्यात त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांना इतर मागण्यांबरोबर पेन्शन आणि उपदानासाठी संपावर जावं लागलं.

पैशाइतकीच, खरं तर पैशाहून मोठी भीती दुखण्याची. राज्य सरकारच्या नोकराला नोकरीत असेपर्यंत १९६१ च्या नियमांखाली वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळते. अठ्ठावन्नाव्या वर्षी महिन्याच्या शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून ही सोय संपते. तीस वर्षं धडधाकट असताना बिलं भरून मिळत होती आणि बायपासची वेळ आली तेव्हा हात वर. १ जुलै २०१४ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी राज्यानं गट वैद्यकीय विमा आणला, पण हप्ता ज्याचा त्यानं भरायचा. केंद्राच्या निवृत्तांना सीजीएचएस या आरोग्ययोजनेचं कार्ड किंवा त्याऐवजी महिना हजार रुपये भत्ता आहे. केरळनं १ जुलै २०२२ पासून ‘मेडिसेप’ सुरू केली. त्यात नोकरीतले आणि निवृत्त दोघंही एका छत्राखाली आले, तेव्हा दरमहा ५०० रुपयांत तीन लाखांचं संरक्षण होतं. तरुण आणि म्हातारे एकत्र विमा घेतात तेव्हाच तो परवडतो. म्हाताऱ्यांना वेगळं काढलं की हप्ता त्यांच्या आवाक्याबाहेर जाणारच.

दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तर आज बऱ्यापैकी आधार आहे, हे मान्य करायला हवं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आता ती सगळ्या शिधापत्रिकाधारकांसाठी आहे आणि पाच लाखांपर्यंत खर्च उचलते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२२ पासून जिल्ह्याच्या गावी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी जरा काही झालं की ‘सोलापूरला हलवा’ हे ठरलेलं असायचं.

पण म्हातारपणाचं दुखणं रोज एका गोळीचं असतं. रक्तदाबाची सकाळी एक, साखरेची जेवणाआधी एक, गुडघ्याची लागेल तेव्हा. ४५ वर्षांवरच्या भारतीयांच्या २०१७-१८ च्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीच्या पुढच्या चारांपैकी तिघांना किमान एक जुनाट आजार आढळला आणि जेमतेम पाचातल्या एकाकडे आरोग्यविम्याचं कवच होतं. कार्डावर भरती होता येतं, गोळी आणता येत नाही.

तालुक्याच्या मेडिकलवर जरा वेळ थांबलं की हे दिसतं. लुगड्याच्या पदराची गाठ सोडून एक आजी कागद पुढे करतात. दुकानदार महिन्याची बेरीज सांगतो. आजी म्हणतात, दहाच दे. त्या दहा गोळ्या वीस दिवस पुरवायच्या, एकाआड एक. बरं वाटतंय तोवर बंद, चक्कर आली की चालू. डॉक्टरांच्या लेखी हा औषध सोडणारा रुग्ण. आजींच्या लेखी ती काटकसर. एखाद्या पहाटे अर्धं अंग लुळं पडतं आणि मग पाच लाखांचं कार्ड कामाला येतं. चार-पाच रुपयांची गोळी नाकारून लाखांचं ऑपरेशन मंजूर करणं हा सरकारच्याही तोट्याचा व्यवहार आहे.

याला उत्तर आहे आणि ते महाराष्ट्रात वापरूनही झालं आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे घेतले गेले. सगळ्या डॉक्टरांनी एकच ठरलेली उपचारपद्धत पाळायची, मोजकीच औषधं घाऊक घ्यायची, रुग्णाला एकदम तीस दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, आला नाही तर नाव घेऊन शोधायचं. तमिळनाडूनं २०२१ च्या ऑगस्टपासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ या योजनेत रक्तदाब-मधुमेहाची औषधं घरपोच द्यायला सुरुवात केली.

धाराशिवला तर हे शिकायला दूर जायची गरज नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं आशा सेविका यायच्या कितीतरी आधी गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं होतं. डॉक्टर येईपर्यंतचं आणि डॉक्टर गेल्यानंतरचं आरोग्य गावातच सांभाळायचं, ही त्यामागची कल्पना. आणि कर्करोगाच्या त्या मोठ्या अभ्यासातही शेकडो गावांतल्या बायकांपर्यंत आरोग्यसेवक पोचलेच होते. जो जिल्हा जगाला पुरावा देण्यासाठी गावोगाव पिंजून काढता आला, त्याच जिल्ह्यात म्हाताऱ्यांच्या दारात महिन्याला एकदा गोळ्यांची पाकिटं पोचवणं अशक्य कसं असेल? आशांवर हे काम लादायचं असेल, तर त्यांना त्याचे वेगळे आणि वेळेवर पैसे द्यावेत, नाहीतर हीही योजना रजिस्टरातच राहील.

एक गोष्ट सरकारदरबारी कायम राहून जाते, ती म्हणजे निवृत्तीच्या वेळी एकरकमी हाती येणारा पैसा. उपदान, शिल्लक रजेचे पैसे, गटविमा, भविष्यनिर्वाह निधी. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे वीस-पंचवीस लाख दिसतात. ती बातमी गावात लपत नाही. नात्यातला कुणी पतसंस्थेत बसलेला असतो, तो बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त सांगतो. २००२ साली उघडकीला आलेल्या होम ट्रेडच्या रोखे घोटाळ्यात नागपूर-वर्ध्याच्या जिल्हा बँकांबरोबर उस्मानाबादच्या जिल्हा मध्यवर्ती बँकेचेही पैसे अडकले. २०२३ मध्ये शेजारच्या बीडमधल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेचे व्यवहार ठप्प झाले आणि मराठवाडाभरच्या ठेवीदारांच्या पायाखालची जमीन सरकली. सक्तवसुली संचालनालयानं मालमत्ता जप्त केल्या. पण जप्तीपासून ठेवीदाराच्या हातात पैसे पडेपर्यंत जो काळ जातो, तो सत्तरीच्या माणसाकडे नसतो.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ पाच लाखांपर्यंत भरून देतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर निर्बंध आले की नव्वद दिवसांत. जिल्हा सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था मात्र येत नाहीत, मल्टिस्टेट असो वा गावातली. फलक मोठा, काउंटर काचेचं, पासबुक छापील. ठेवीदाराला दोन्ही बँकच वाटतात. पतसंस्थेच्या दारावर ‘इथल्या ठेवींना विमा नाही’ असं ठळक मराठीत लिहायची सक्ती करायला काय हरकत आहे? आणि पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, जिच्यात एप्रिल २०२३ पासून ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि त्या वर्षापासून ८.२ टक्के व्याज मिळत आलं आहे, ती निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला नोकरी संपण्याआधी सहा महिने समजावून सांगायची जबाबदारी कार्यालयावर टाकावी. पेन्शनीच्या कागदांसाठी सेवापुस्तक पडताळायला जेवढा वेळ जातो, त्यातल्या एका दुपारी हे होण्यासारखं आहे.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेपुढे लागणारी रांग २०१४ नंतर ‘जीवन प्रमाण’मुळे ओसरू लागली आहे. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. मात्र त्याच नावाखाली फोन करून ओटीपी मागणारे भामटेही आले. शिवाय अंगठ्याचे ठसे राबून झिजलेल्या शेतमजुराची पेन्शन मशिनला बोट ओळखू आलं नाही म्हणून थांबते, तेव्हा चूक मशिनची आणि शिक्षा माणसाला होते. अशा वेळी ग्रामसेवकाची सही पुरेशी मानावी.

हे सगळं होईल की नाही, ते बरंचसं मोजण्यावर अवलंबून आहे. नीती आयोगानं २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार आहेत : नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव. या जिल्ह्यांची प्रगती ४९ निर्देशकांवर मोजली जाते. त्यात बाळंतपणं आहेत, लसीकरण आहे, क्षयरोग आहे, बुटकी आणि अशक्त मुलं आहेत, अटल पेन्शनची खातीसुद्धा आहेत. ती खाती उघडता येतात चाळिशीच्या आत, म्हणजे आज साठी गाठलेल्यांना त्यांचा उपयोग नाही. कलेक्टरच्या आढावा बैठकीत जो आकडा विचारला जातो, त्याच्यामागे यंत्रणा धावते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातला दर दहावा माणूस साठीच्या पुढचा होता आणि ते प्रमाण वाढतंच आहे. तेव्हा त्या यादीत दोन रकाने वाढवावेत. गेल्या महिन्यात साठीच्या पुढच्या किती जणांना रक्तदाब आणि साखरेची महिनाभराची गोळी सरकारी केंद्रातून मिळाली, आणि पासष्टी पूर्ण झालेल्या किती बायकांचे पैसे एका महिन्याचाही खंड न पडता चालू राहिले. आकडे तालुकावार काढावेत, उमरग्याचे वेगळे, भूमचे वेगळे, आणि ग्रामसभेत वाचून दाखवावेत.